सामानात माती

फॉर्मच्या सतराव्या पानावर ते विचारतात,
आईला आणखी कुठल्या नावाने ओळखत होते का.
म्हापशाचा सेड्रिक म्हणाला, नाही लिही आणि सोड.
पण तिच्या जन्माच्या दाखल्यावर द्वारका
आणि माझ्या दाखल्यावर सुलक्षणा,
एका वैशाखात ताटातल्या तांदळांवर
अंगठीने लिहिलेली.
तर वाळपईला नोटरीकडे. शिक्का, सही, दोनशे रुपये.
'मी द्वारका,' ती म्हणाली, 'हीच सुलक्षणा.'
नोटरीला ऐकू गेलं नाही. मोठ्याने म्हणा, म्हणाला.
ती मोठ्याने म्हणाली.
बाहेर येऊन सोडा प्यायली, अख्खी बाटली,
आणि बसमध्ये खिडकी धरून
होंडा येईपर्यंत माझ्याशी बोललीच नाही.

हुद्दा: डिझेल फिटर. त्याला त्यांच्याकडे सहा आकडी नंबर आहे.
अनुभव: नऊ वर्षं टिप्पर दुरुस्त केले.
मग खाण बंद झाली, मग बंद टिप्पर सांभाळले,
म्हणजे पंधरवड्याला एकदा सुरू करायचे, बॅटरी मरू नये म्हणून.
आवाजाने वाड्यावरची कुत्री उठून उभी राहायची,
त्यांना वाटायचं, झाली सुरू.
उल्हासच्या टिप्परच्या हौद्यात आता तेरं माजलंय.
भाजीला ते कोणी काढत नाही.
हे कुठल्या रकान्यात घालू, विचारलं.
सेड्रिक म्हणाला, 'मेंटेनन्स' लिही.

देवीला कौल लावला. उजवी पाकळी पडली.
गुरव म्हणाला, जा.
त्यानंतर अकरा आठवडे मोबाइलवर तेच पान: विचाराधीन.
आई देवळात परत गेली नाही,
एकच गोष्ट दोनदा विचारली तर देवी रागावते म्हणे.
मी ते पान दिवसातून वीसदा उघडायचो.

छातीचा फोटो डॉक्टरीणबाई उजेडाला धरून बघत राहिल्या.
सिगारेट? नाही. मग?
मी गावाचं नाव सांगितलं, पिसुर्ले.
त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

जिथे जायचंय, तिथेही लोखंडाचीच खाण.
फोटो आले आहेत: तांबडा डोंगर, पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला,
आमच्या घरासमोरच्यासारखाच,
फक्त त्यातला पाऊस काढून घेतलेला.
प्रज्योती म्हणाली, 'एवढे पैसे भरून
पलीकडच्या वाड्यावरच चाललात की हो.'
हसली. मग उठून आत गेली,
कुकरची शिट्टी झालेली नसताना.

काल सेड्रिकचा मेसेज: बुटांना माती असली तर
ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर अडवतात.
एखादं बी, एखादी बुरशी, किड्याचं अंडं,
त्यांची जमीन ते फार जपतात.
कार्डावर खूण करायची असते,
सामानात माती नाही.

म्हणून आज मागच्या दारी, धुण्याच्या दगडावर,
आई माझे सेफ्टी बूट घासते आहे.
आधी नारळाच्या सोडणाने, मग ब्रशने,
मग अंबाड्यातली पिन काढून
तळव्याच्या नक्षीतली एकेक रेघ.
सहावी बादली. पाणी अजून तांबडंच.
मी म्हणतो, राहू दे, कंपनी नवे देते.
ती म्हणते, 'नवे घाल. हेही ने.'
प्रत्येक बादली उचलून ती
एकाच पोफळीच्या मुळाशी ओतते,
गेल्या वर्षी कोळेरोगाने
जिची सगळी सुपारी गळाली होती तिच्या.

मी पायरीवरून हाक मारतो, 'द्वारका!'
थट्टेनेच. आयुष्यात पहिल्यांदा.
ती वळत नाही.
हात मात्र थांबतो, बुटाच्या आत, मनगटापर्यंत.
मग दुसरा बूट ओढून घेते.